टस्कनीतला ओटा

नीलांबरी लग्न होऊन जर्मनीत बॉनला आली तेव्हा तिच्या बॅगेत कुकर होता, आणि त्यानंतर ती जिथे जिथे फिरायला गेली तिथे तिथे कुकरही गेला. प्राग म्हटलं की तिला आठवते लवकर न तापणारी शेगडी. व्हिएन्ना म्हटलं की भांडी घासताना समोर येणारी पिवळी भिंत.

कारण नवऱ्याची, माधवरावांची, पद्धतच तशी. हॉटेल नको, फेरियनवोनुंग हवं. म्हणजे सुट्टीपुरतं भाड्याचं घर, स्वयंपाकघरासकट. "बाहेरचं रोज झेपत नाही गं. तुझ्या हातचा वरणभात पोटात गेला की फिरायला कसा हुरूप येतो!" हुरूप यांना, भांडी हिला. इथली बरीच मराठी मंडळी अशीच फिरतात आणि परत आल्यावर कौतुकाने सांगतात, आल्प्समध्ये आमच्याकडे थालीपीठ झालं होतं. जसं काही ते आपोआप झालं!

यंदा मात्र जागा नीलांबरीने सुचवली होती. दवाखान्यात दिवसभर लोकांचं रक्त काढून ती ट्रामने घरी येई, तेव्हा फोनवर इटलीतल्या, टस्कनीतल्या चर्चमधली चित्रं बघत बसे. फ्लोरेन्सला जायचं, मान दुखेपर्यंत वर बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. माधवराव लगेच हो म्हणाले, तेव्हा ती खुळ्यासारखी हरखली.

रविवारी ते लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले.

"आल्झो, तर मग घर ठरलं. सिएनाजवळ. हा ओटा बघ केवढा आहे!"

सगळ्यात आधी ओटा. मग गाडी लावायची सोय. मग फ्लोरेन्सच्या मोठ्या संग्रहालयाची तिकिटं: माधवराव आणि दोन्ही मुलं, कबीर आणि अनन्या.

"तीनच?" तिने विचारलं.

"तुझं नाही काढलं. तुला म्युझियमचा कंटाळा ना? व्हिएन्नात तूच म्हणालीस, तुम्ही जाऊन या."

म्हणाली होती. कबीरला पुऱ्या हव्या होत्या म्हणून सकाळपासून ती कढईपुढे उभी होती, पायांचे तुकडे पडले होते, म्हणून म्हणाली होती. आणि तिच्या थकव्याला हा माणूस इतकी वर्षं तिची आवड समजत होता! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, टस्कनी मी सांगितलं होतं. कशासाठी सांगितलं असेल? ओटा बघायला?"

"एवढं चिडायला काय झालं? आणखी एक काढतो. फक्त त्या दिवशीचं जेवण आपण आदल्या रात्रीच करून ठेवू."

"आपण?"

"मामा हाट रेश्ट, पापा," अनन्या सोफ्यावरून म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आईचंच बरोबर आहे, असं ती सांगत होती. पण स्वतः काही करीन, असं तीही म्हणाली नाही, आणि ते नीलांबरीच्या लक्षात आलं.

तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. फ्लोरेन्सची रेल्वे शोधली, स्टेशनजवळची एक खोली शोधली. एका माणसाची, नुसता पलंग आणि खिडकी.

"मी चार दिवस आधी जाते. एकटी. तुम्ही मागून तुमच्या त्या घरात या."

नीलांबरी थांबली. एकटीला जमेल का, असं माधवरावांनी विचारलं असतं, किंवा मीही येतो म्हणाले असते, तर ती विरघळली असती. तेवढा भोळेपणा तिच्यात अजून शिल्लक होता, आणि त्याचा तिला रागही येत होता.

"अगं, पण," माधवराव शेवटी म्हणाले, "चार दिवस आमच्या जेवणाचं काय?"

नीलांबरीने चारचे आठ केले आणि बुकिंग करून टाकलं.