एका चिठ्ठीपुरते आयुष्य

भात घरात आले होते आणि टोकावड्याच्या आमच्या अंगणात ताज्या पेंढ्याचा वास उन्हावर झुलत होता. ओटीवर माझा लॅपटॉप. शेजारी सासूबाई, उद्याच्या हळदीसाठी पळसाच्या पत्रावळी टाचत बसलेल्या. काडी मोडल्याचा बारीक आवाज ऐकत मी अर्धी जागी, अर्धी कुठेतरी होते.

तेवढ्यात शहापूरच्या एका लहानशा दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला. तिथली औषधाची चिठ्ठी उद्यापासून मी लिहिलेली संगणक प्रणाली छापणार होती. आज चाचणी.

“मॅडम, पहिल्या काकांची पेनिसिलिनची ॲलर्जी सगळ्या तालुक्याला लागली! नंतरच्या मावशींच्या चिठ्ठीवरही तीच.”

मी हसले, आणि लगेच लॅपटॉप मांडीवर ओढला. उद्याचा पहिला पेशंट ॲलर्जी नसलेला निघाला, तर मागून येणाऱ्या काकांसारख्या माणसाच्या चिठ्ठीवरही ती जागा कोरीच राहणार होती.

प्रणालीतल्या वस्तू, म्हणजे एकेक काम करणारे कोडचे तुकडे, मी स्वतः घडवत नाही. कोणाला काय लागते ते कंटेनर नावाच्या, त्यांना सांभाळणाऱ्या भागाला सांगून ठेवते; तो त्या घडवतो, एकमेकींच्या हाती देतो आणि नेमलेले आयुष्य संपले की सोडून देतो. पेशंटची माहिती धरणाऱ्या वस्तूला मी एका चिठ्ठीपुरतेच आयुष्य दिले होते. चिठ्ठी लिहिणाऱ्या वस्तूला मात्र सिंगलटन केले होते: एकदाच जन्मायचे आणि प्रणाली चालू असेपर्यंत जगायचे. टिकणाऱ्या गोष्टींचा मला लोभ आहे. फसलेली ओळसुद्धा खोडवत नाही. जन्मताना त्या लिहिणारीने काकांची माहिती हातात घेतली, आणि ती मूठ पुन्हा उघडलीच नाही.

“काय झालं गो? तोंड का उतरलं?” सासूबाईंनी विचारले.

“एकाचं दुसऱ्याला जातंय, आई.”

“म्हंजे उष्ट्या पत्रावळीवर दुसऱ्याला वाढलंस! आनि शिकलेली तू.”

मी एक शब्द बदलला. चिठ्ठी लिहिणारीलाही एका चिठ्ठीचेच आयुष्य दिले आणि सिस्टरला म्हटले, आता आधी मावशी, मग काका.

फोनमधून प्रिंटरची खरखर आली. “मावशींची जागा कोरी.” पुन्हा खरखर.

“काकांची आली. पेनिसिलिन नको, ठळक अक्षरांत.”

“परत मावशी करा.”

“कोरी. मॅडम, आता तरी जेवायला जाऊ?”

जा, म्हटले. तीन चिठ्ठ्या लिहिणाऱ्या तिघी आपापले काम करून विरल्या होत्या. मी त्यांना जाऊ दिले.