वहिनीची सफाई

आमच्या वहिनीला डाग खपत नाही. पाहुणा चहा पीत असतानाच ती त्याच्या कपाखालचं ओलं वर्तुळ पुसून घेते. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं दादाच्या गालावरचा तीळ ओल्या फडक्यानं पुसायला घेतला होता म्हणे. दादाचं बोलणं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण राहिलेलं निम्मंही पुरेसं आहे.

अशा बाईला नोकरीही तशीच मिळाली. अंधांच्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांची पानं स्कॅन होतात, आणि त्या पानांवरचे डाग वहिनी कॉम्प्युटरवर काढते. मग यंत्र अक्षरं ओळखून मोठ्यानं वाचून दाखवतं. डाग राहिला तर बिचाऱ्या यंत्राला तेही काहीतरी लिहिलेलंच वाटतं. माशी बसून गेली असेल तिथं ते म्हणतं ‘टिंब’, पान दुमडलं असेल तिथं म्हणतं ‘उभी रेघ’. मी जन्माचा आंधळा, म्हणजे तिचं गिऱ्हाईक घरातच. तेही खाष्ट.

त्या वर्षी मी मालिशच्या परीक्षेला शेवटचा बसणार होतो. आधी दोनदा आपटलो होतो आणि यापुढे बसू देणार नव्हते. पास झालो तर दवाखान्यात जागा होती, नाहीतर दादाच्या घरात जन्मभर खुर्ची उबवायची होती. दादानं कधी चकार शब्द काढला नाही. तो काढत नाही हेच मला जास्त टोचायचं.

पुस्तक एकच होतं, आमच्या सरांचं. कसरीनं भोकं पाडलेलं, चहा सांडलेलं, पानापानावर डाग. पहिलं प्रकरण वहिनीनं एकेक पान घेऊन साफ केलं, तरी यंत्र अडखळायचंच. खांद्याच्या हाडापाशी पोचलं की टिंब, टिंब, टिंब. मी वैतागलो. म्हटलं, वहिनी, हे पुस्तक वाचतंय की उचक्या देतंय? तिला ते लागलं. पुढच्या सगळ्या पानांना तिनं सफाईचा जोर वाढवून एकदमच धुऊन काढलं. मग काय विचारता! यंत्र असं घडाघडा वाचायला लागलं की मी खूश. वहिनीही खूश.

मान शिकलो त्या दिवशी दादाला खुर्चीत बसवलं. पुस्तकात ऐकलं तसा मागून सुरुवात करून मी गळ्याच्या बाजूंना आलो आणि दोन्हीकडून दाबलं.  दादाचं डोकं माझ्या हातावर कलंडलं, आणि तो खुर्चीतून घसरायला लागला तेव्हा मला कळलं. मी ओरडलो. वहिनी धावत आली, आम्ही त्याला जमिनीवर आडवं केलं. थोड्या वेळानं तो शुद्धीवर आला आणि म्हणाला, बरं वाटलं, पण पुन्हा नको. हसायला कुणालाच आलं नाही.

वहिनी उठून कॉम्प्युटरपाशी गेली आणि तिनं मूळ स्कॅन उघडला.

“भाऊजी, तुम्ही नाही चुकलात,” ती म्हणाली. “इथं लाल शाईत छापलंय, गळ्याच्या बाजूला नाडी लागते तिथं दाबू नये. शाई उडून फिकी झालीय. डागांबरोबर ते मीच पुसलं.”

प्रत्येक प्रकरणात अशा लाल ओळी होत्या. पहिल्या प्रकरणानंतरची एकही मी ऐकली नव्हती. वहिनीनं सगळी पानं पुन्हा घेतली, एकेक. फिक्या ओळीच्या आसपासचे ठिपके तिनं तसेच राहू दिले. डाग न खपणारी बाई डाग राखत बसली होती. पण इकडे माझे हात गेले होते. कुणाच्या अंगाला बोट लावायचं म्हटलं की घाम फुटायचा. परीक्षेला जात नाही असं मी सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वहिनी माझ्यासमोर पाठ करून बसली. दादा म्हणाला, अगं, वेडी आहेस का? तिनं त्याच्याकडे लक्षच दिलं नाही.

“दाबा,” ती मला म्हणाली.

मी नाही म्हटलं. तिनं माझे हात धरून स्वतःच्या मानेवर ठेवले आणि यंत्र चालू केलं. यंत्र म्हणालं, टिंब, टिंब, गळ्याच्या बाजूला नाडी लागते तिथं दाबू नये, टिंब. तिची मान जराही हलली नाही. त्या पानांसाठी तिनं जेवढे दिवस घातले होते, तेवढ्याच गाठी तिच्या खांद्यात होत्या. त्या सोडवता सोडवता माझे हात माझे झाले. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

परीक्षेत नेमकी मान आली. परीक्षकांनी विचारलं, हात कुठं लावायचा नाही? मी पाठ होतं तसं धडाधड म्हणून टाकलं, “टिंब, टिंब, गळ्याच्या बाजूला नाडी लागते तिथं दाबू नये, टिंब.”

खोलीत हशा पिकला. परीक्षकही हसत होते. म्हणाले, उत्तर बरोबर आहे, पण ही टिंबं कसली?

“ती आमच्या वहिनीनं ठेवलीत,” मी म्हणालो, आणि समोरच्या माणसाच्या मानेला हात घातला.