बाबांपुढे केलेला खर्रा

मंडळी, आज मला पाहायला पुसदहून पाहुणे आले होते. मी चहा नेईपर्यंत बैठकीत वाद पेटला होता.

मुलगा म्हणाला, "गांजावरची बंदी उठवलीच पाहिजे. कोणी काय ओढावं ही ज्याची त्याची मर्जी."

त्याचे काका भडकले. "मर्जी कायची? अशा पोट्ट्याईले जेलातच टाकाले पाह्यजे."

बोलता बोलता काकांनी पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटला, थोडा पुतण्याला दिला आणि मोठ्या मानाने बाबांपुढे हात केला. "घ्या न भाऊ. हे काही नशा थोडी आहे."

बाबांनी नुसते हात जोडले. खर्र्यानेच त्यांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून जबडा बोटभरही उघडत नाही. आई त्यांना चमच्याने चहा पाजायला बसली.

खर्र्यावर बंदी आहेच, तरी आमच्या कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तो रोज मिळतो. आणि पहिला खर्रा बाबांनी स्वतःच्या मर्जीने खाल्ला होता, हेही खरं. त्यामुळे दोघांपैकी कोण बरोबर, ते मला सांगता येत नाही.

आता आई बाबांसाठी वरण-पोळी मिक्सरमधून काढून राहिली आहे. तिची मर्जी कधी कोणी विचारली नाही.

माझी विचारायला उद्या पाहुण्यांचा फोन येणार आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर काय सांगितलं असतं?