टर्कीचं अळणी पाणी

“कधीचं आहे?” हा अण्णांचा पहिला प्रश्न. डब्याचं झाकण उघडायचं, चष्मा कपाळावर सरकवायचा, नाक आत घालायचं आणि मग विचारायचं. असा एखादा माणूस तुमच्याही मजल्यावर असेल. आमचे अण्णा मात्र दुबईतल्या एका हॉटेलात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. खराब माल परत पाठवणं ही त्यांची नोकरीच होती. दुबईच्या करामा भागात आमच्या समोरच्या दारात ते एकटे राहायचे. बिल्डिंगमधल्या गणपतीचा प्रसादही तपासून घ्यायचे. “बाप्पाचं पोट मोठं आहे, त्याला चालतं,” म्हणायचे.

मीही संशयीच. फरक इतकाच, की ते अन्नावर संशय घ्यायचे आणि मी माणसांवर.

आमच्या ऑफिसात नाताळच्या जेवणाला भाजलेली टर्की यायची आणि निम्मी उरायची. तो कोरडा पक्षी घरी न्यायला कुणी तयार नसे. त्या वर्षी तो माझ्या गळ्यात पडला. “यल्ला भाई, ले जाओ,” म्हणत सहकाऱ्यांनी पिशवी हातात दिली. माझ्या पत्नीची, वसुधाची, केमो चालू होती. तिच्या पोटात पेजेपलीकडे काही टिकत नव्हतं. लिफ्टपाशी अण्णांनी पिशवी अडवली.

“कापली किती वाजता?”

“एकला. दोनला फ्रिजमध्ये ठेवली.”

त्यांनी वास घेतला. “हाडांसकट द्या, मास्तर. वैनींसाठी अळणी पाणी करतो.” घरात पुस्तकं फार, म्हणून मी मास्तर.

अळणी पाणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. कोल्हापूरकडे आजाऱ्याला देतात. संध्याकाळी पॅसेजभर आल्या-लसणाचा वास सुटला. डबा आला तो दुसऱ्या दिवशी सकाळी, तोही लहानसा.

“निम्मं त्यांनीच खाल्लं असणार,” मी म्हणालो.

“खाऊ देत की. एकटा माणूस,” वसुधा म्हणाली. तिने वाटी संपवली, जरा थांबली आणि वाटी पुन्हा पुढे केली. कित्येक दिवसांनी तिने काही मागितलं होतं.

मग मांसाचे धागे सोडवून केलेला मऊ भात आला. मग नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा. प्रत्येक डबा अर्धा दिवस उशिरा. शेवटी मी जरा तिरकसच विचारलं, “संध्याकाळी शिजतं ते सकाळपर्यंत कुठं असतं, अण्णा?”

ते ओशाळले. “आधी मी खातो, मास्तर. सकाळपर्यंत मला काही झालं नाही, की मग वैनींना.”

त्यानंतर टर्की संपली, पण डबे थांबले नाहीत. कोंबडीची हाडं आणून ते करत राहिले. वसुधाने थोडं वजनही धरलं. फेब्रुवारीत तिला ताप आला. रक्तात संसर्ग पसरला आणि पाच दिवसांत ती गेली.

चौथ्या दिवशी अण्णा आले. सोफ्याच्या कडेला बसले.

“खरं सांगा. माझ्या हातच्या खाण्यानं तर नाही ना झालं?”

केमोच्या नळीतून संसर्ग झाला, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. मी लगेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी क्षणभर थांबलो. मग म्हणालो, “नाही हो, अण्णा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले आणि उठले.

उन्हाळ्यात व्हिसा रद्द करून ते गावी गेले. हॉस्पिटलच्या रिपोर्टमधल्या ‘नळीतून संसर्ग’ या ओळीखाली रेघ मारून मी फोटो पाठवला. त्यांनी तो पाहिला. उत्तर आलं नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या पुतण्याचा फोन आला. अण्णा गेले होते. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, “तुमच्याबद्दल बोलायचे. तिकडं ते स्वयंपाक करायचे म्हणे? इथं कधी चुलीजवळ गेले नाहीत. आम्ही म्हटलं, एकदा तरी करून घाला. तर म्हणायचे, माझ्या हातचं नको.” मग त्याने विचारलं, “तुम्ही खाल्लंय का त्यांच्या हातचं? कसं असायचं?”

“फार चांगलं,” मी म्हणालो. या वेळी थांबलो नाही.