फोल्केचा विरळ वाळुंज

फोल्केला माणसं आवडत नव्हती असं कुणी म्हणालं तर मी भांडेन. त्याला माणसं आवडायची, फक्त जरा लांबून. चर्चमध्ये तो बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायचा आणि शेजारी टोपी ठेवायचा, म्हणजे कुणी सरकत सरकत जवळ यायला नको. त्याच्या बटाट्याच्या दोन रोपांमधून माझी गाय आरामात वळून परत आली असती. "प्रत्येकाला हात पसरायला जागा लागते, टूरे," असं तो मला ऐकवायचा. मी त्याचा शेजारी, आणि हिवाळ्यात वाळुंजाची झाडं तोडायचं यंत्र चालवणारा. त्यामुळे ही प्रवचनं मला बारमाही आणि फुकट मिळायची.

असा हा माणूस साठीला टेकल्यावर प्रेमात पडला, आणि पडला तो डाग्नीच्या! डाग्नी पोस्टातून निवृत्त होऊन रस्त्यापलीकडच्या पिवळ्या घरात राहायला आली होती. चौघांच्या बाकावर सहा जणांना दाटीवाटीने बसवून वर "अजून एकाची जागा आहे की!" म्हणणारी बाई. दोघांचं जमलं, पण घरं दोन ती दोनच राहिली. बुधवारी तो तिच्याकडे, शनिवारी ती त्याच्याकडे. बाकीचे दिवस खिडकीतून हात हलवायचा. आमच्या नेर्के भागात अशी जोडपी गावोगाव आहेत, त्यात कुणी नाक मुरडत नाही.

मग एका जानेवारीत डाग्नी मागच्या अंगणात बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. सरपटत फोनपर्यंत पोचायला तिला अख्खी सकाळ लागली. तेवढ्या वेळात समोरच्या घरात फोल्के निवांत कॉफी पीत बसला होता, कारण तो त्याचा दिवस नव्हता.

प्लास्टर घालून ती घरी आली ती ठरवूनच. मी कुबड्या पोचवायला गेलो होतो, म्हणून माझ्यासमोरच सगळं झालं.

"फोल्के, मी सोमवारी पडले आणि तू बुधवारी येणार होतास," ती म्हणाली. "हे मला पुरत नाही. आता एकच घर."

फोल्केने कप बशीत ठेवला. मग बशी सरळ केली, मग टेबलक्लॉथ सरळ केला.

"दाटी झाली की काहीच नीट वाढत नाही, डाग्नी. हे मी नाही म्हणत, शेत म्हणतं."

"बरं. मग शेतालाच विचारू."

त्या वसंतात फोल्के ओढ्याकाठी वाळुंज, म्हणजे छाटलं की खुंटापासून पुन्हा फुटणारं ते जळाऊ झाड, लावणार होता. शहरातली घरं उबदार ठेवणारी जी मोठी भट्टी आहे, तिला वाळुंजाच्या ढलप्या लागतात, आणि तेव्हा आमच्याकडे जो तो वाळुंजच लावत सुटला होता. ठरलं ते असं. अर्धं शेत फोल्केच्या मनाप्रमाणे, अर्धं डाग्नीच्या. दोन-दोन ओळींच्या जोड्या दोघांच्याही सारख्याच, कारण माझ्या यंत्राची चाकं जोड्यांच्या मधल्या जागेतूनच जातात. फरक फक्त ओळीतल्या अंतराचा. फोल्केने फांदीची एकेक कांडी लांब ढांग टाकून खोचली, डाग्नीने दोन-दोन वितींवर. चौथ्या हिवाळ्यात तोड. दाट वाळुंज वजनाला जास्त भरला तर एक घर. विरळ जास्त भरला तर डाग्नी पुन्हा विषय काढणार नाही.

"ऐकलंस ना, टूरे? तू साक्षीदार," ती म्हणाली.

मला मधे ओढायची काही गरज होती का? पण माझ्या तोंडात तिचाच वेलदोड्याचा पाव होता, नाही कसं म्हणणार.

पहिल्याच उन्हाळ्यात डाग्नीची बाजू पानांनी झाकून गेली. पानाला पान भिडलं, खाली गच्च सावली पडली, आणि तण गुदमरून मेलं. फोल्केच्या मोकळ्या जागेत मात्र काटेरी तणाने संसार थाटला. तो गुडघ्यांवर रांगत उपटत होता आणि डाग्नी बांधावर खुर्ची टाकून विणत बसली होती.

"जागा छान आहे हं, फोल्के! तणाला फारच मानवली."

"थांब जरा," तो तणातून म्हणाला.

आणि थांबल्यावर खरंच चित्र पालटलं. फुटवे जास्त यावेत म्हणून पहिल्या हिवाळ्यात सगळं जमिनीलगत छाटलं, त्यानंतर फोल्केच्या खुंटांना ढीगभर फुटवे आले आणि मनगटाएवढे जाड व्हायला लागले. डाग्नीकडे फुटवे उजेडासाठी एकमेकांच्या डोक्यावर चढत राहिले, काडीसारखे बारीक. तिसऱ्या वर्षी तिचे मधले कमजोर खुंट आपसूक मरायला लागले. फार दाट लावलं की असंच होतं, पीक स्वतःच स्वतःची विरळणी करतं. ती अजूनही बांधावर यायची, पण विणकाम आणायची नाही.

इकडे फोल्के जिंकत होता आणि दिवसेंदिवस त्याचा चेहरा उतरत चालला होता. चौथ्या वसंतात मी ट्रॅक्टरवरून जाताना पाहिलं, तर हा डाग्नीच्या बाजूला वाकलेला, काखेत ताज्या कांड्यांची मोळी.

"काय रे, काय चाललंय?"

"फिरतोय."

"कांड्या घेऊन?"

"हवा चांगली आहे," तो म्हणाला आणि मोळी पाठीमागे लपवली. ती त्याच्या दोन्ही बाजूंनी दिसत होती.

मेलेल्या खुंटांच्या जागी हा तिच्यासाठी नव्या कांड्या खोचत होता! डोक्याच्या वर गेलेल्या झाडीखाली, जिथे उजेड पोचत नाही तिथे कांडी धरत नाही, हे आमच्याकडे कुणीही सांगेल. जन्मभर शेती केलेल्या माणसाला ते कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. सगळ्या कांड्या काळ्या पडल्या, तर त्याने पुन्हा लावल्या. हसावं की त्याच्या एक थोबाडीत द्यावी, मला कळेना. खरं सांगायचं तर मला त्याची दया आली.

फेब्रुवारीत जमीन दगडासारखी गोठली आणि मी यंत्र घातलं. डाग्नीची बाजू सरसर कापली गेली. फोल्केच्या जाड काठ्यांनी यंत्र दोनदा अडकवलं, त्यावर मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. दोन्हीकडच्या ढलप्या वेगवेगळ्या ट्रेलरमध्ये भरून आम्ही भट्टीवर गेलो. डाग्नी तिच्या गाडीतून मागोमाग आली, पण वजनकाट्यासमोर गाडी लावून आतच बसून राहिली.

काट्यावरच्या अनेलीने आकडे वाचले. फरक थोडासाच होता, पण जास्त भरला होता तो विरळ.

"काटा चुकलाय," फोल्के म्हणाला.

"काय?"

"तुमचा काटा जास्त दाखवतोय. माझ्या ढलप्यांत एवढं वजन नसणार."

वजन कमी दाखवलं म्हणून होणारी भांडणं अनेलीला रोजचीच होती. जास्त दाखवलं म्हणून भांडणारा हा पहिलाच. "याला बरं नाहीये का?" असं तिने मला हळूच विचारलं. दोन्ही ट्रेलर पुन्हा काट्यावर चढवले. आकडे तेच.

"मग त्यात पाणी असणार," फोल्के म्हणाला. "जाड लाकूड ओलं असतं. सुकवून बघा."

तिने दोन्हीकडच्या मूठमूठ ढलप्या छोट्या ओव्हनमध्ये सुकवल्या आणि पुन्हा तोलल्या. तोवर आम्ही भट्टीवरच्या कॉफी मशीनची कडवट कॉफी पीत थंडीत पाय आपटत उभे होतो.

"तुझंच लाकूड जास्त कोरडं निघालं," ती म्हणाली. "म्हणजे तू आणखीनच जिंकलास."

"पुन्हा करा."

माझा तोल सुटला. "अरे गाढवा! माझे पाय गोठले इथे! काट्याशी काय भांडतोस? काटा येणार आहे का तुझ्या घरी राहायला? ती बघ, तिकडे गाडीत बसलीय. जा, आणि तोंडाने सांग!"

अनेली खिडकीतून वाकून बघायला लागली. फोल्के गेला. सवयीप्रमाणे गाडीपासून चार हात लांब उभा राहिला. मग दोन पावलं पुढे सरकला, मग आणखी एक, आणि काचेवर टकटक केलं. डाग्नीने काच खाली घेतली.

"मी जिंकलो," तो म्हणाला.

"ऐकलं. अख्ख्या भट्टीने ऐकलं. मी विषय काढणार नाही, शब्द दिलाय."

"मग मी काढतो." तो उघड्या खिडकीतून हात आत घालून गाडीचं दार धरून उभा राहिला. "तुझा दिवा लागला का, ते मी रोज संध्याकाळी बघत बसतो. उशीर झाला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. हे असं नको मला. तू ये. नाहीतर मी येतो."

डाग्नीने पर्समधून रुमाल काढला. मग नाक पुसून म्हणाली, "माझी चार कपाटं आहेत."

"चार?" फोल्केचा चेहरा पडला.

"चार. आणि शिलाई मशीन."

त्याने डोळे मिटले. त्याच्या मोकळ्या खोल्या त्याला दिसत असणार. "आण," तो म्हणाला.

बर्फ भुरभुरायला लागला होता.

"काच वर घे," तो म्हणाला. "गारठशील."

"घेते की. तुझा हात काढ आतून."

त्याने काढला नाही.