खुदाकरमची मूठभर पावडर

इराणातल्या आमच्या आबादानच्या माणसाने थाप मारली नाही, तर घरचे त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतात. खुदाकरम दश्ती तर आमच्यातही पट्टीचा. त्याच्या काळ्या चष्म्यातून म्हणे कुवेतमधली लग्नं दिसत, वर जेवणात काय आहे तेही.

असा माणूस सव्वीस वर्षं तेल कारखान्यात पावडर सांभाळत होता. गावातला तो मोठा, नावाजलेला कारखाना नव्हे. नदीच्या खालच्या अंगाचा आमचा धाकटा. डांबरासारखं जड तेल तापलेल्या पावडरीवर आदळलं की फुटतं आणि त्याचं पेट्रोल होतं. पावडर झिओलाइटची, कणाकणात डोळ्यांना न दिसणारी भोकं.

"भावांनो," तो यदुल्लाच्या चहाच्या दुकानात सांगायचा, "मूठभर पावडरीच्या आतल्या भिंती सोलून अंथरल्या, तर फुटबॉलचं मैदान झाकलं जाईल!"

"आणि पंच कुठे बसवणार?" यदुल्ला विचारायचा. समोसे हातातून पडेपर्यंत हशा.

तोवरच्या आयुष्यात त्याने सांगितलेली ही एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती, आणि नेमकी तिलाच गाव हसलं!

गेल्या वसंतात त्याच्या बायकोने, सनोबरने, गच्चीवरच्या चादरी त्याच्यासमोर झटकल्या. "आगा, ही माझी सवत आता बिछान्यापर्यंत आली!"

खुदाकरमने ती करडी भुकटी चिमटीत चोळली आणि त्याचा चेहरा उतरला. धुरातून पावडर वेगळी करून परत आत पाठवणाऱ्या नळकांड्याला भोक पडलं होतं. पावडर धुराड्यातून गावावर पडत होती, पोरंबाळं ती श्वासात घेत होती.

त्याने कारखान्यात सांगितलं, तेव्हा तेहरानहून नुकतेच आलेले प्रमुख, इंजिनियर (आमच्या भाषेत मोहंदेस) फरहूमंद, म्हणाले, "धुळीचं वादळ आहे."

"मोहंदेससाहेब, वादळाची धूळ मी जन्मापासून खातोय. चवीने ओळखतो."

साहेबांनी त्याच्या फाईलमध्ये शेरा मारला: 'आबादानी अतिशयोक्ती.' खाली सही, शिक्का! हवामानाचा अंदाज चुकला तर चालतो, पण सव्वीस वर्षांच्या बोटांना काय कळतं म्हणे!

दुसऱ्या दिवशी खुदाकरम दोन बशा आणि सनोबरच्या लोणच्याचा सिरका, म्हणजे व्हिनेगर, घेऊन थेट साहेबांच्या टेबलापाशी. एका बशीत खिडकीतली वादळाची धूळ, दुसरीत चादरीवरची. दोन्हींवर सिरका ओतला. पहिली फसफसली, आमच्या धुळीत चुना असतो. दुसरी ढिम्म.

"धूळ बोलते, मोहंदेससाहेब. ही गप्प आहे, कारण ही आपली आहे. यंत्रातली पावडर रोज जेवढी कमी होतेय, त्यावरून भोक मुठीएवढं असणार."

साहेबांनी यंत्र थांबवलं. भोक मुठीएवढंच निघालं.

फलकावर सूचना लागली: 'प्रमुखांच्या दक्षतेमुळे दोष वेळीच सापडला.' फाईलमधला शेरा? तो तसाच. लिहिलेलं खोडायची म्हणे पद्धत नाही. चुकीचं लिहायची आहे!

संध्याकाळी यदुल्लाने चहा पुढे केला. "सांग रे, केवढं होतं भोक? उंट गेला असता?"

आम्ही सगळे पुढे सरकलो.

"मुठीएवढं," खुदाकरम म्हणाला.

"बस?"

"बस."

यदुल्लाने किटली खाली ठेवली आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

साहेबांना मी सगळं माफ करीन, पण आमच्या खुदाकरमची थाप पळवली, हे नाही.