नाजूक कुणी वाजवायचं

"तू हे नको वाजवूस. तुला शोभत नाही."

मॅडम हे सगळ्यांसमोर म्हणाल्या. सोलापुरातल्या त्यांच्या बंगल्यात पियानोचा क्लास चालायचा. त्या दिवशी कार्यक्रमाची तालीम होती. पालक खुर्च्यांवर बसलेले. माझी बोटं पट्ट्यांवर.

'हे' म्हणजे एक नॉक्टर्न. युरोपातली जुनी रचना, एकट्या पियानोची. डावा हात संथ चालतो, उजवा गातो. वर्षभर बसवत होते मी ती. सकाळी दवाखान्यात नर्सची ड्यूटी, संध्याकाळी घरी जुन्या कीबोर्डवर सराव. मध्येच एका जागी सूर असा खाली उतरतो, की माझाच श्वास अडकायचा.

"का, मॅडम?"

त्या हसल्या. "अगं, याला नाजूकपणा लागतो. तो घरातून यावा लागतो. तुमच्याकडे हलगी असते ना? ठेका तुमच्या रक्तातच. काहीतरी जोशातलं वाजव की!"

दोघं-तिघं हसले. माझे कान तापले. माझं आडनाव कळल्यापासून मी उठले की मॅडम पट्ट्या पुसायच्या. धूळ असेल, असं मी स्वतःला समजावत आले होते.

माझ्या आजोबांना गावात लोकांच्या लग्नात, मयतात हलगी वाजवावी लागायची. वाजवून झालं की लांब बसून शिळं खायचं. धम्म घेतला, त्या दिवशी त्यांनी हलगी फोडली. अण्णा, माझे वडील, सांगायचे, "वाजवणं वाईट न्हवतं, पोरी. हुकूम वाईट हुता."

तोच हुकूम समोर उभा होता. गोड आवाजात.

मी वाजवायला सुरुवात केली. मॅडमनी पियानोच्या झाकणाला हात घातला.

"हात काढा, मॅडम. माझी बोटं चेंगरतील."

"कार्यक्रमातून तुझं नाव गेलं म्हणून समज."

"जाऊ द्या. हे मी पुरं करणार."

त्यांनी हात काढला. मी पुढे वाजवू लागले. दोन जागी चुकले. थांबले नाही. शेवटचा सूर विरला, कुणी टाळी वाजवली नाही. चपला घालून बाहेर पडले. रिक्षात रडले. लई रडले.

कार्यक्रम माझ्याशिवाय झाला. मग निरोप आला, माफी मागितलीस तर परत घेऊ.

मागणार नाही. आडनाव बघून माझं संगीत ठरवायला जो येईल, त्याला तोंडावर नाही म्हणणार. दर वेळी. आणि त्याच्यादेखत नॉक्टर्न वाजवणार.